जाहिरात संपेपर्यंत

७ सप्टेंबर, रविवार

मोसमातला पहिला सामना आणि पहिला पराभव. आमच्या फुटबॉल संघाने, स्टर्जन्सनी, पोर्ट विनिफ्रेड गावाला दुसरं काही दिलं नसेल, पण शिस्त दिली आहे. सप्टेंबर उजाडला की हरायचं.

तरीही सकाळी संघाची स्टर्जन माशाची टोपी डोक्यावर चढवताना छातीत तीच धडधड झाली, जी नऊ वर्षांची असताना झाली होती. अकराची मिस्सा संपली की पप्पा माझा हात धरून चर्चमधून थेट मैदानावर न्यायचे, माझ्या डोक्यावरची जाळी कोटाच्या खिशात कोंबून. सोमवारी शाळेत सिस्टर कनिसिया आधी प्रार्थना म्हणायच्या, मग फळ्यावर खेळाडू म्हणून अकरा गोल आणि अकरा फुल्या काढायच्या. "मुलींनो, नम्रता हा सद्गुण आहे. पण चौथ्या, शेवटच्या डावाला पुढे न घुसता चेंडू लाथाडून समोरच्यांना देऊन टाकणं ही नम्रता नव्हे, तो भित्रेपणा आहे." व्याकरण मी विसरले, हे नाही विसरले.

रांग अठ्ठावीस, खुर्ची नऊ. आधी पप्पांची, आता माझी. माझ्या नवऱ्याला, हॅरोल्डला, ह्या चेंडू काखेत मारून पळायच्या फुटबॉलचा कंटाळा होता. तो रविवारी पानं गोळा करायचा, आणि आता स्वर्गातही तेच करत असेल. दहा नंबरला ऑर्विल, गेली सव्वीस वर्षं. तो नदीवरचा पूल चालवायचा. जहाज आलं की पूल वर, गेलं की खाली. आता निवृत्त आहे. त्याची बायको लिनिया अकरा नंबरवर बसून विणायची आणि एकदाही मान वर न करता कोण जिंकणार ते बरोबर सांगायची. ती गेल्यापासून तिथे ऑर्विलचा कोट बसतो. त्या कोटाचं वर्षाचं तिकीट ऑर्विल न चुकता काढतो.

हल्ली आत आरपार दिसणारीच पिशवी न्यावी लागते. त्यामुळे माझी जपमाळ आणि पित्ताच्या गोळ्या जगजाहीर झाल्या आहेत. ऑर्विलच्या पिशवीत नेहमीप्रमाणे दोन सँडविच. राय धान्याचा काळा पाव, खारवलेला हेरिंग मासा आणि कच्चा कांदा. ह्या माणसाला दोन कधीच संपत नाहीत. दर वेळी एक माझ्या गळ्यात मारतो, आणि तरी दर वेळी दोनच आणतो. इतकी वर्षं पूल चालवला, पण अंदाज म्हणून नाही.

मध्यंतरात मोठ्या पडद्यावर चित्र आलं. पुढच्या वर्षी आमच्या बाजूचा सगळा भाग पाडून तिथे काचेच्या खोल्या होणार. गालिचे, सोफे, वाढपी. जुन्या लोकांना "जमेल तिथे" जागा देणार.

"म्हणजे मी उत्तरेला आणि तुम्ही दक्षिणेला," ऑर्विल म्हणाला.

"आणि मधे काच," मी म्हटलं.

दोघंही हसलो. रात्री पिएरोगी, आमच्या पोलिश करंज्या, गरम केल्या, पण खाववल्या नाहीत. कांद्याचंच असणार.

९ सप्टेंबर, मंगळवार

मोनिकाचा फोन. "मम्मा, मेणबत्ती लाव! सुटलीस. कुडकुडत हरायला जायचं, त्यापेक्षा रविवारी माझ्याकडे ये."

"पप्पांची खुर्ची आहे ती."

"आजोबांची खुर्ची लाकडाची होती. ही त्यानंतरची तिसरी, प्लास्टिकची."

पोरीला वकील केलं ही चूकच.

मग म्हणाली, "आणि तो तुझा पूलवाला कुठे जाणार?"

"मला काय ठाऊक?"

"विचारलं नाहीस?"

"मोनिका, आम्ही सामना बघायला जातो."

तिकडून मोठा उसासा ऐकू आला. तिला सर्दी झाली असावी बहुतेक.

२१ सप्टेंबर, रविवार

आज काय झालं ते लिहिताना मला हसू आवरत नाही.

टीव्हीवर जाहिराती लागतात तेव्हा मैदानात खेळ थांबवतात. घरी बसलेल्यांना मोटारी आणि बिअर दिसते. आम्हाला दिसतो एकच माणूस. नारिंगी बाह्या घालून तो मैदानाच्या कडेला येतो, छातीवर हातांची फुली करतो आणि उभा राहतो. तो हात खाली करेपर्यंत बावीस धिप्पाड पोरं, सात पंच आणि साठ हजार माणसं गप्प. पूर्वी हे अधूनमधून व्हायचं. आता एक चेंडू टाकला की जाहिरात, एक लाथ मारली की जाहिरात. मी त्याचं नाव सिमियन ठेवलं आहे. संत सिमियन वर्षानुवर्षं खांबावर उभे होते, सिस्टर कनिसियांनी शिकवलं होतं. त्यांना निदान त्यातून पुण्य तरी मिळालं.

लोक त्याला शिव्या घालतात. ऑर्विल मात्र टोपी काढून सलाम करतो.

"माझंच काम करतो तो," आज म्हणाला. "जहाज जाईपर्यंत सगळ्यांना अडवून धरायचं. लोकांना वाटतं, पूलवाला मुद्दाम करतो. अहो, मी कशाला मुद्दाम करीन? मलाही घरी जेवायला जायचं असतं."

"पण तुमच्याकडे खरंच जहाज यायचं."

"तेही खरंच," म्हणाला आणि विचारात पडला.

आज सरोवरावरून असा वारा सुटला होता की सिमियन चौथ्यांदा उगवला तेव्हा माझे पाय बधिर झाले होते. मागच्या रांगेत वॉल्ट असतो, नळदुरुस्ती करणारा, दाराएवढा रुंद. त्याने खिशातून माउथऑर्गन काढला आणि पोल्का वाजवायला लागला. माझे पाय आपोआप ठेका धरू लागले.

"येतो का तुम्हाला?" ऑर्विलने विचारलं.

"नन्सच्या शाळेत मुलगे नव्हते. मी उंच म्हणून मला कायम पुरुष व्हावं लागायचं. मला फक्त पुरुषाची पावलं येतात."

"मलाही फक्त तीच येतात," तो म्हणाला आणि उभा राहिला.

झालं! दोघंही पुढे नेणारे. त्यात अठ्ठावीस नंबरच्या रांगेला लांबी आहे, रुंदी नाही. मग आडवा पोल्का. खेकड्यासारखे नऊवरून एकवर गेलो आणि एकवरून अकरावर आलो, कोटाला वळसा घालून. त्याच्या माशाची मिशी माझ्या माशाच्या कल्ल्यात अडकली. वॉल्ट ओरडला, "अरे, पकडा, दोन सापडले एका गळाला!" सिमियनने हात खाली केले आणि सगळा विभाग चुकचुकला.

चुकचुकला! खेळ सुरू झाला म्हणून!

हरलो.

५ ऑक्टोबर, रविवार

आता सगळा विभाग नाचतो. सिमियन आला की टाळ्या, शिट्ट्या, "आला रे आला!" तो हात खाली करतो तेव्हा निषेध. बिचारा आधी गोंधळला. तिसऱ्या वेळी त्याने आमच्याकडे बघून, फुली न सोडता, एक पाऊल डावीकडे टाकलं आणि एक उजवीकडे. आमच्याकडे असा जल्लोष झाला की पलीकडच्या बाजूच्यांना वाटलं आपण गुण मिळवला.

पाहुण्या संघाचं एक जोडपं मधेच अडकलं होतं. पहिला अर्धा वेळ नाकं मुरडत बसले आणि दुसरा अर्धा वेळ वॉल्टच्या बायकोकडून पावलं शिकले.

संध्याकाळी मोनिकाने विचारलं, "किती-किती?" मला आठवेना. जपमाळेची शपथ, मला आठवेना.

१२ ऑक्टोबर, रविवार

म्हातारपण आलं. आज मी मैदानावर गेले आणि मैदान रिकामं!

आजचा घरचा सामना युरोपात होता. आमचा, घरचा, आणि समुद्रापलीकडे! तिकडच्या लोकांना फुटबॉल दाखवायचा म्हणून. सगळ्या गावात महिनाभर ह्याच्यावर शिव्याशाप चालू आहेत, मी स्वतः दोनदा दिलेत. तरी सकाळी मिस्सा झाली, टोपी घातली, कोबीचं सूप थर्मासमध्ये भरलं आणि पायांनी आपोआप गाडी तिकडे नेली.

एवढं मोठं वाहनतळ, त्यावर फक्त सीगल. आणि मधोमध, आमच्या नेहमीच्या दिव्याच्या खांबाखाली, ऑर्विलची जुनी हिरवी गाडी. तो घडीची खुर्ची उघडून बसलेला. डोक्यावर मासा.

"विसरलात?" मी विचारलं.

"साफ विसरलो," तो म्हणाला. "तुम्ही?"

"मीही."

"वयच झालं," तो म्हणाला आणि गाडीतून दुसरी घडीची खुर्ची काढली. आणि सँडविचेस. दोन.

मग आम्ही बसलो. सूप प्यायलो. रेडिओवर सामना लागला असता, पण त्याच्या गाडीचा रेडिओ बंद होता, म्हणजे बिघडला असावा. त्याने मला सांगितलं की रात्रपाळीला पुलावरच्या खोलीत तो जहाजांची नावं मोठ्याने वाचायचा, एकटं वाटू नये म्हणून. मी त्याला सांगितलं की सिस्टर कनिसिया नाताळाआधीच्या उपासाच्या काळात चॉकलेट सोडायच्या ऐवजी रेडिओवरचं समालोचन सोडायच्या, आणि मग सोमवारी सकाळी दूधवाल्याला गाठून निकाल काढून घ्यायच्या. एवढा हसला की सीगल उडाले.

मधेच गप्पा थांबल्या तेव्हा तो उठला आणि छातीवर हातांची फुली करून उभा राहिला. अगदी सिमियन! मी म्हटलं, "वॉल्ट नाही, बाजा कोण वाजवणार?" तर म्हणाला, "तोंडाने." रिकाम्या वाहनतळावर जागाच जागा. पहिल्यांदा नीट गोल फिरता आलं. कुणीतरी एकाने मागे चालायला शिकायला हवं होतं, ते मी शिकले. फार अवघड नाही.

घरी आले तेव्हा गाल गरम होते. ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज नाचलो नाही.

चौतीस नंबरचा ऑडम, बावीस वर्षांचा पोरगा, चेंडू घेऊन वळला आणि दोघे त्याच्यावर आदळले. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज अठ्ठाविसाव्या रांगेपर्यंत आला. तो उठला नाही. डॉक्टर धावले. सगळ्या मैदानात श्वास ऐकू येत होता.

आणि सिमियन बाहेर आला. त्याने फुली केली, आणि मोठ्या पडद्यावर जाहिरात लागली. दिवे, नाणी, हसरी माणसं. "पुढचे गुण कोण मिळवणार? लावा पैज!" पोरगा अजून खाली पडलेला. त्याचे सोबती गुडघ्यांवर. वर ती नाणी खणखणतायत.

ऑर्विलने डोक्यावरचा मासा काढून मांडीवर ठेवला. मग वॉल्टने काढला. मी मागे बघितलं तर सगळ्या विभागाने काढले होते. मी जपमाळ काढली. सिमियनने आमच्याकडे पाठ केली, पडद्याकडेही पाठ केली, आणि त्या पोराकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

ऑडमला नेताना त्याने एक हात उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग खेळ सुरू झाला, जसा पाऊस थांबल्यावर दुकान उघडतं तसा.

"मी आता कशाला येतो, कळत नाही," ऑर्विल म्हणाला.

"मलाही," मी म्हटलं. आम्ही शेवटपर्यंत थांबलो.

५ नोव्हेंबर, बुधवार

रेडिओवर सांगितलं की ऑडम जेवला, बोलला. देवाची कृपा. पुन्हा खेळणार नाही, आणि त्याची आई म्हणे ते ऐकून आनंदाने रडली.

मी ठरवलं आहे. पुढच्या वर्षी नवी जागा घेणार नाही. उत्तरेला नको, दक्षिणेला नको, कुठेच नको. पप्पांनाही पटलं असतं. त्यांचा फुटबॉल आता इथे राहत नाही.

ठरवल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. तीन कपाटं आवरली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा हसून हसून बरगड्या दुखल्या, आणि त्याची फार गरज होती.

सामन्याआधी संघाच्या कार्यालयातली एक मुलगी आली. ब्रिएल तिचं नाव, दात फार सुंदर. म्हणाली, "तुम्ही लोक जबरदस्त आहात! तुमचा नाच आम्ही मोठ्या पडद्यावर दाखवणार. 'पोल्काची घटका'! एक पित्ताच्या गोळ्यांची कंपनी पैसे देणार आहे. हे बघा टी-शर्ट."

टी-शर्टवर नाचणारं जठर होतं.

"बाळ, आम्ही जाहिरात चालू असते म्हणून नाचतो," मी म्हटलं.

"हो ना! आता तुम्हीच जाहिरात!" ती आनंदाने म्हणाली. ती निघून गेल्यावर वॉल्ट म्हणाला, "बर्नी, तुझ्या पिशवीतल्या गोळ्या बघून आले वाटतं हे."

ऑर्विल फक्त म्हणाला, "तुमच्या शाळेत नन वर्गात आल्या की कशा बसायचात तुम्ही?"

मी त्यांना शिकवलं. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, हात गुडघ्यांवर, नजर खाली.

पहिली जाहिरात लागली. पडद्यावर नाचणारं जठर, ढोल, आणि मग आमच्यावर कॅमेरा. माशाच्या टोप्या घातलेली अख्खी फलटण, पाप कबूल करायला रांगेत बसल्यासारखी. कुणी पापणी हलवेना. वॉल्टने अत्यंत गंभीरपणे नाक शिंकरलं, ते साठ हजार लोकांनी पडद्यावर पाहिलं. ब्रिएल खाली उभी राहून हातवारे करत होती, "नाचा ना!" ऑर्विलने तिला शांतपणे आशीर्वाद दिला. पोप देतात तसा.

कॅमेरा हलला आणि आम्ही उठलो. काय नाचलो म्हणता! सिमियनने खाली मान घातली होती, पण त्याचे खांदे गदगदत होते.

त्यानंतर आमच्या नादी कुणी लागलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

शेवटचा सामना. पहाटेपासून बर्फ.

सगळे आले होते. वॉल्टच्या बायकोने कील्बासा, लसणीचं सॉसेज, भाजून आणला. आमच्या रांगेतल्या काहींनी खुर्च्यांच्या पाठीवर किल्लीने आपापली नावं कोरून ठेवली, कुणी बघत नाहीसं बघून. मी पप्पांचं कोरलं. ऑर्विलने अकरावर लिनियाचं कोरलं, आणि मग त्याची किल्ली दहा नंबरवर थांबली. "माझं काय कोरायचं? मी तर अजून आहे," म्हणाला.

शेवटच्या पावतासात सिमियन आला. फुली केली. आमच्याकडे बघितलं. वॉल्टने वाजवायला घेतलं, आणि आज फक्त आम्ही नाही, पलीकडचा विभाग उठला, त्याच्या पलीकडचा उठला. पोल्का बर्फातून गोल फिरत अख्ख्या मैदानाला वेढून आला. पंच पाय आपटत होते. पाहुण्या संघाचे दोघे धिप्पाड एकमेकांचे हात धरून उड्या मारत होते. जाहिरात संपली. पडद्यावर दिसलं की संपली. मुख्य पंचाने सिमियनकडे बघितलं. कानात यंत्र लावलेला एक माणूस त्याच्याकडे धावत आला.

सिमियनने हात खाली केले नाहीत.

वॉल्टचं कडवं अजून बाकी होतं. सगळा देश टीव्हीपुढे बसलेला, कोट्यवधींचा धंदा खोळंबलेला, आणि तो माणूस बर्फात फुली धरून उभा, आमचं कडवं संपेपर्यंत. शेवटचा सूर वाजला तेव्हा त्याने हात हळूच उतरवले आणि आमच्याकडे बघून कमरेत वाकला.

मी रडत होते की हसत होते कोण जाणे.

"त्याची नोकरी गेली," मी ऑर्विलला म्हटलं.

"नाही जात. मी एकदा बदकाच्या पिल्लांसाठी पूल वर ठेवला होता. ओरडा बसतो फक्त."

हरलो. मग दिवे लागले आणि लोक उठायला लागले. ऑर्विलने अकरावरचा कोट उचलला, झटकला, अंगात घातला. बराच वेळ बटणं लावत राहिला.

"बरं मग," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं.

त्याने दुसरं सँडविच माझ्या हातात दिलं. आम्ही हात मिळवले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, नाचाखेरीज. मग तो उत्तरेच्या जिन्याने गेला आणि मी दक्षिणेच्या.

घरी येऊन लक्षात आलं, माझ्याकडे त्याचा फोन नंबर नाही. कधी लागलाच नाही. रविवारी तो तिथे असायचाच. त्याचं आडनाव लुंड की लिंड, तेही धड माहीत नाही. असो, आता लागणारही नाही.

सँडविच फ्रिजमध्ये ठेवलं आहे.

११ जानेवारी, रविवार

दुसऱ्या कुठल्या तरी संघांचा सामना टीव्हीवर लावला. फुटबॉल सुटल्यामुळे मन लागत नाही असं वाटलं होतं, म्हणून म्हटलं थोडा बघावा, दारू सोडणारे थोडी थोडी सोडतात तसा. जांभया आल्या. जाहिरात लागली की मात्र उठून उभी राहायचे, आणि मग आठवायचं की कुणी नाही.

मोनिकाला फोनवर म्हटलं, "मला फार ओकंबोकं वाटतंय गं."

"फुटबॉलशिवाय?"

"फुटबॉलचा तर मला वीट आला."

"मग कशाशिवाय, मम्मा?"

"रविवारशिवाय."

"रविवार आजही आहे."

"मोनिका, उलटतपासणी बंद कर."

"बरं, एकच प्रश्न. फ्रिजमध्ये ते सँडविच अजून आहे का?"

मी फोन ठेवला. दोन आठवड्यांचा हेरिंग! शिवाय हिला कळलं कसं? मग आठवलं, मीच सांगितलं होतं. तीनदा.

१८ जानेवारी, रविवार

नीट लिहिलं पाहिजे.

मिस्सेत मन नव्हतं. बाहेर आले, गाडीत बसले. आज मी विसरले नव्हते. मला पक्कं माहीत होतं की सामना नाही. मोसम संपला, रांग पाडायला घेतली, जगात कुठेही, समुद्रापलीकडेही, आमच्या स्टर्जन्सचा सामना नाही. आणि तरी मी माशाची टोपी घातली.

वाहनतळाला पत्र्याचं कुंपण घातलेलं. आत यंत्रांची धडधड. फाटकावर एक तरुण पहारेकरी, नाक लाल झालेलं.

"बाई, आज सामना नाही."

"ठाऊक आहे."

"मग तुम्हीही त्यांच्यातल्याच का?" त्याने माझ्या टोपीकडे बघून कुंपणाच्या कोपऱ्याकडे हात केला. "त्या काकांना दर रविवारी सांगतो. ऐकतच नाहीत. मला मासा-पाव देतात, तेवढ्यापुरतं गप्प बसतो मी. पण बाई, काय वास येतो हो त्याला!"

कुंपणाबाहेर, बर्फात, घडीच्या दोन खुर्च्या. एकीवर ऑर्विल. दुसरीवर कोट नव्हता. दुसरी रिकामी होती आणि तिच्यावरचा बर्फ कुणीतरी नुकताच झटकला होता.

मी जवळ गेले. सगळ्या वाटेत ठरवलेलं वाक्य विसरले.

"विसरलात?" मी विचारलं.

तो उठून उभा राहिला. "नाही," म्हणाला. "मी ऑक्टोबरातही विसरलो नव्हतो."

माझ्या डोक्यावर मासा होता आणि माशाच्या मिशीवरून पाणी गळत होतं, ते नाकावर. सिस्टर कनिसियांनी अशा प्रसंगाची काही तयारी करून घेतली नव्हती. पण चौथ्या डावाबद्दल आणि भित्रेपणाबद्दल त्या जे म्हणायच्या ते आठवलं.

"मी आज विसरले नाही," मी म्हटलं. "ऑक्टोबरातलं नक्की सांगता येत नाही."

"बस," तो म्हणाला. "सूप आणलंस का?"

आणलं होतं.

नाव लुंड आहे. फोन नंबर घेतला. त्याने माझा घेतला, पण त्याला चष्म्याशिवाय दिसेना म्हणून पहारेकऱ्याने लिहून दिला, आणि म्हणाला, "आता तरी थंडीत येऊ नका, घरी भेटा, देवाशपथ!" मी त्याला सँडविच दिलं. माझ्या वाटचं नाही, ऑर्विलने आज तीन आणली होती.

८ फेब्रुवारी, रविवार

आज देशातला सर्वांत मोठा सामना. सगळं गाव घरोघरी टीव्हीपुढे. मला कुठले दोन संघ आहेत ते ऑर्विल येईपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्यालाही अर्धंच माहीत होतं.

कोट घेऊन आला आणि दाराशी घुटमळला. मी कोट घेतला आणि खुंटीला टांगला, खुर्चीवर नाही. त्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर आहे, लिनियाही हेच म्हणाली असती," आणि पायमोज्यांवर स्वयंपाकघरात आला.

टीव्ही लावला, आवाज बंद. पप्पांची पोल्काची तबकडी शोधून ठेवली होती, तिला मधे एक चरा आहे. आजच्या दिवशी म्हणे लोक खेळ नाही, जाहिरातीच बघतात, सगळ्यांत महागड्या असतात. आम्हीही त्यांचीच वाट बघत बसलो. लागली की मी सुई ठेवायची आणि तो टेबल भिंतीला सरकवायचा. चऱ्यावर आलं की दोघंही एकाच जागी उडी मारायची. शेजारीण भिंत ठोकायला लागली, मग स्वतःच पिएरोगीचं ताट घेऊन आली, बघितलं आणि परत गेली. जाताना म्हणाली, "चालू द्या."

तिसऱ्या जाहिरातीत ऑर्विलच्या खांद्यावरून मला पडदा दिसत होता. मोटार गेली, बिअर गेली, आणि मग मैदान आलं. बावीस पोरं उभी राहिली, चेंडू हलला. तबकडी चालूच होती.

"जाहिरात संपली," मी म्हटलं.

तो पडद्याकडे वळला नाही. "जहाज अजून जातंय," म्हणाला.

कोण जिंकलं ते उद्या मोनिकाला विचारते.